आम्ही नुसते राव

माझ्या भावाला लोक हणमंतराव म्हणतात. मी हणम्या म्हणते, कारण मी सहा वर्षांनी मोठी आहे आणि त्याचा शेंबूड मीच पुसलाय. बेंगळूरच्या कॉटनपेटात आमचं खोगिरांचं दुकान. पूर्वी टांगे हाकणारे जटकेवाले, पलटणीतले स्वार, सगळे आमच्याकडंच यायचे. मग घोडी कमी झाली आणि शाळा वाढल्या, तेव्हापासून हणम्या त्याच चामड्याची दप्तरं शिवतो. बोलणं मात्र खोगिराचंच राहिलं. "आम्ही मूळचे घोडदळातले," हे वाक्य दिवसातून चारदा. स्वतः घोड्यावर बसला एकदाच, आणि चिक्कपेटेच्या तोंडाशी सगळ्या बाजारासमोर पडला.

त्याची मुलगी कावेरी. आई गेली तेव्हा चार वर्षांची होती, मग मीच वाढवली. मी विधवा, मूलबाळ नाही, जाणार कुठं? पोरगी हुशार निघाली. टायपिंग शिकली आणि सरकारी कचेरीत लागली. तिथंच तिला विश्वासराव भेटला. निपाणीचा मुलगा. बेळगाव-निपाणी आमच्या राज्याला जोडली गेली तशी तिकडची पोरं नोकरीला इकडं यायला लागली, त्यातलाच हा. सरळ मुलगा, बोलताना खाली बघणारा. कावेरीनं मला सांगितलं, मी हणम्याला सांगितलं, विश्वासनं त्याच्या वडलांना लिहिलं, आणि १९५९च्या श्रावणात आप्पाजी काकडे आमच्या घरी आले. त्यांना ते राज्य जोडणं अजिबात मान्य नव्हतं. मुलाची नोकरी तेवढी मान्य होती.

उप्पिट्टू खाल्लं, केसरीभात खाल्ला, कॉफी नको म्हणून चहा मागितला. मग फेटा सारखा करून विचारलं, "आडनाव काय म्हंता आपलं?"

"राव," हणम्या म्हणाला.

"ते कळलं. आडनाव?"

"मी हणमंतराव. वडील सयाजीराव. आजोबा कृष्णाजीराव."

"राव कुणालाबी लावत्यात वो. आडनाव सांगा."

नेमके त्याच वेळी शेजारचे सुब्बाराव पेपर मागायला आले. आप्पाजींनी विचारलं, हे कोण? हणम्या म्हणाला, सुब्बाराव.

"हेबी रावच? मराठा?"

"छे, तेलुगू ब्राह्मण."

आप्पाजींनी चहाची बशी खाली ठेवली.

आता यात आमची काय चूक? बेंगळूरला आमची माणसं दोनशे वर्षं राहतायत म्हणे. इथं शाळेत नाव घालताना गावाचं एक अक्षर, बापाचं एक अक्षर आणि पुढं नाव. झालं. आडनाव कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि न सांगता सांगता एक दिवस ते कुणालाच येईना. आप्पाजींचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं. आडनाव नाही म्हणजे कूळ कळत नाही, कूळ नाही म्हणजे देवक कळत नाही. "उद्या तुमीबी काकडेच निघाला तर? भावाभैनीचं लगीन लावू काय?" ते म्हणाले. दसऱ्यापर्यंत मुदत दिली. तोवर आडनाव सापडलं तर सरी, म्हणजे ठीक, नाही तर ते दुसरीकडं मुलगी बघणार.

विश्वास खाली बघत बसला. ते गेल्यावर मी कावेरीला विचारलं, तर म्हणाली, "आत्या, तो वडलांना सोडून येणार नाही, आणि मी पळून जाणार नाही. नाही झालं तर नाही." असं म्हणाली आणि तीन दिवस जेवली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कारण माझंही असंच झालं होतं. सातारकडचं स्थळ होतं, मुलगा वकिलीला होता, आणि याच प्रश्नावर अडलं. मग बापानं मला होसकोट्याच्या एका पंचेचाळीस वर्षांच्या बिजवराच्या गळ्यात घातलं. तीन वर्षांत तो गेला आणि मी परत आले. कावेरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. एवढंच डोक्यात होतं, बाकी कूळ आणि देवक गेलं खड्ड्यात.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. आमचा हणम्या ना नदी ना ऋषी, पण कामाला लागला. म्हणाला, "अक्का, काळजी कशाला? आपल्याकडं सनद आहे."

सनद म्हणजे देवघरातला एक कागद. मोडीतला, कडा खाल्लेला, रेशमी फडक्यात गुंडाळलेला. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू, फूल, नैवेद्य. आमच्या बापानंही त्याला नमस्कार केला, आम्हीही केला. राजानं मूळपुरुषाला दिलेली सनद, असं सगळे म्हणायचे. मोडी मात्र कुणालाच येत नव्हती. हणम्यानं तो कागद खंडोजी मास्तरांकडं नेला, मीही बरोबर गेले. मास्तर ऐंशीचे, आख्ख्या पेटेत मोडी येणारे तेवढेच. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "घोड्यास पोटशूळ झाल्यास ओवा पावशेर, हिंग सुपारीएवढा, जुना गूळ, कोमट करून नळीने पाजणे. लीद मोकळी होते."

हणम्या म्हणाला, "पुढं?"

"पुढं घोड्यास जंत झाल्यास."

मी पदर तोंडात कोंबला. हणम्याचं तोंड बघवत नव्हतं. पंचेचाळीस दसरे त्यानं घोड्याच्या जुलाबाची आरती केली होती. मास्तर बिचारे समजूत घालत होते, "औषध चांगलं आहे हो, मीसुद्धा घेईन."

मग सुब्बारावांनी मनावर घेतलं. ते दप्तरखान्यात होते आणि आपल्यामुळं लग्न अडलं असं त्यांना उगीच वाटत होतं. त्यांनी महिनाभर जुनी बाडं उपसली, धुळीनं खोकून खोकून बेजार झाले, आणि शेवटी आमच्या आजोबांचं नाव शोधून काढलं. दुकानाच्या जागेची नोंद होती. नाव कृष्णाजीराव. जात मराठा. धंदा खोगीर. कुलनाम या रकान्यात कुणा कारकुनानं लांबलचक आडवी रेघ मारली होती. सुब्बाराव म्हणाले, "हणमंतरावजी, शाई फार उत्तम आहे. एवढ्या वर्षांनी स्वल्पसुद्धा पुसट नाही."

दसरा पंधरा दिवसांवर आला. कावेरी घरात बोलेनाशी झाली. तेव्हा मला परसू हेळवी आठवला.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारा. बैलावर बसून, घंटा वाजवत, चार-पाच वर्षांनी दारात येतो, पिढ्या वाचून दाखवतो, नवी नावं लिहून घेतो, आणि धान्य, लुगडं, जे मिळेल ते घेऊन जातो. प्रत्येक हेळव्याची घराणी ठरलेली. आमच्या घरीही पूर्वी यायचा. पण मी लहान असताना त्याच्या बैलानं आमच्या बापाच्या नव्या खोगिरातलं गवत ओढून खाल्लं. बापानं बैलाला आणि त्याला, दोघांना हाकललं. तेव्हापासून तो घराण्याचा माणूस पुन्हा आमच्या उंबऱ्याशी आला नाही. पण होसकोट्याच्या संतेला, आठवड्याच्या बाजाराला, तो बसतो हे मला सासरपासून ठाऊक होतं.

बस धरून आम्ही होसकोट्याला गेलो. वांग्यांच्या ढिगापलीकडं परसू बसला होता, म्हातारा, एका पायानं अधू, शेजारी बैल आणि वह्यांची भलीमोठी झोळी. मी नाव सांगितल्याबरोबर म्हणाला, "कॉटनपेट. खोगीरवाले. वीस साली बैलाला मारलं."

"मारलं नाही, ढकललं," हणम्या म्हणाला.

"वहीत मारलं लिहिलंय."

मी त्याला शेंगा दिल्या, बैलाला गूळ दिला, हात जोडले. तेव्हा कुठं तो येईन म्हणाला. मी म्हटलं, "परसण्णा, आत्ताच जरा वाच की. आडनाव काय ते सांग, आम्ही जातो." तो मान हलवून म्हणाला की तसं होत नाही. वंशावळ घराच्या दारात वाचायची, पुढं सुपात तांदूळ ठेवून. एकदा सुरू केली की मूळपुरुषापर्यंत थांबायचं नाही. अर्धी सोडली तर पूर्वजांचा कोप.

परत येताना मी हणम्याला बजावलं, "आधी आपण एकटे ऐकू. झाकली मूठ सव्वा लाखाची असते रे." पण ऐकेल तो हणम्या कसला! त्यानं दुसऱ्याच दिवशी निपाणीला पत्र टाकलं. म्हणे, आधी ऐकलं तर आप्पाजी म्हणतील हेळव्याला पढवला. ते समोर पाहिजेत. शिवाय त्याच्या मनात पक्कं होतं, मूळपुरुष सरदार निघणार. आप्पाजींच्या तोंडावर सरदार आदळायची त्याला घाई झाली होती. गुडघ्याला बाशिंग बांधणं म्हणतात ते हेच, फक्त लग्न मुलीचं होतं.

दसऱ्याआधीच्या रविवारी सकाळी सगळे जमले. ओट्यावर जाजम, त्यावर आप्पाजी आणि विश्वास. सुब्बाराव भिंतीशी. हणम्यानं दोन गल्ल्यांतली माणसंही बोलावली होती. कावेरी दाराआड उभी. मी सूपभर तांदूळ ठेवले. परसूनं घंटा वाजवली, वही उघडली आणि नाकातून सूर लावला.

"हणमंतराव. त्याचा बाप सयाजी. सयाजीनं हेळव्याला उपाशी परत पाठवलं आणि बैलाला मारलं."

आप्पाजींनी हणम्याकडं पाहिलं. हणम्यानं छताकडं पाहिलं.

"सयाजीचा बाप कृष्णाजी. कृष्णाजीनं शेजाऱ्याची पांढरी म्हैस चोरली, काजळानं काळी केली, आणि त्याच शेजाऱ्याला विकली."

ओट्याखाली कुणीतरी खो खो हसलं. हणम्या म्हणाला, "हे वगळलं तरी चालेल, पुढचं वाचा." परसू म्हणाला, "वगळता येत नाही, मालक," आणि कृष्णाजीच्या दोन बायकांची भांडणं सविस्तर वाचली. कोण कुणाच्या झिंज्या उपटून माहेरी गेली, कोण परत आली, येताना काय घेऊन आली, सगळं. मग कृष्णाजीचा बाप येसाजी, जो भुताला भिऊन बारा वर्षं संध्याकाळी घराबाहेर पडला नाही. घोडदळाचा अजून पत्ता नव्हता. हणम्याला घाम फुटला होता, तरी तो आप्पाजींना म्हणत होता, "सरदार अजून मागं आहे, मागं."

"येसाजीचा बाप बाळा," परसूनं सूर खाली आणला. "बाळा हा मूळपुरुष. लढाई झाली. फौज पळाली. एक घोडं एकटंच चालत गवताच्या बाजारात येऊन उभं राहिलं. घोडं भीमथडी, रंग तांबडा, डावा कान फाटका, कपाळावर पांढरा टिळा, वय सहा वर्षं. खोगिराला झोळी. झोळीत सहा महिन्यांचं मूल. आईबाप माहीत नाहीत. गाव माहीत नाही. कूळ माहीत नाही."

परसूनं पान उलटलं.

"गवत विकणारी गंगव्वा, कन्नड बोलणारी, तिनं मूल घेतलं. खोगीर मराठी होतं म्हणून पोराला लोक मराठ्याचं पोर म्हणाले. उद्या कुणी शोधत आलं तर पोराला त्यांची भाषा यायला हवी, म्हणून गंगव्वानं त्याला छावणीतल्या मराठी खोगीरवाल्याकडं शिकायला ठेवलं. रोज संध्याकाळी गवताचा भारा टाकून ती त्याला परत न्यायची. कुणी शोधत आलं नाही. गंगव्वेचं पोर खोगीर शिकलं. इति मूळ."

परसूनं वही मिटली. मला हुंदकाच आला. खोटं कशाला बोलू? तिला स्वतःला एक शब्द येत नसेल मराठीचा. पण पोराचं ते पोराला मिळावं म्हणून रोज चालत गेली बाई. मी आयुष्यभर जी भाषा बोलून लोकांशी भांडले, ती मला एका गवतवालीनं दिली होती. घरात तिच्या नावाचा एक दिवा कधी लागला नव्हता, आणि घोड्याच्या जंतांना आम्ही नैवेद्य दाखवला.

आप्पाजींच्या डोळ्यांत मात्र पाणीबिणी काही नव्हतं. त्यांनी फेटा उचलला. "म्हंजे घोड्याचं कूळ पक्कं हाय," ते म्हणाले. "कान, टिळा, वय, समदं लिवलंय. पोर कुणाचं ते देव जाणे. हणमंतराव, राग मानू नका. घोडं असतं तर सोयरीक केली असती."

ओट्याखालचे लोक हसले. हणम्याची मान खाली गेली ती वर येईना. विश्वास म्हणाला, "आबा, बसा की जरा." पण ते चपला शोधायला लागले. दाराआडून कावेरी आत निघून गेली. तिच्या पाटल्यांचा आवाज मी ऐकला आणि माझं डोकंच फिरलं.

मी आत गेले, दुसरं सूप भरलं आणि आणून परसूपुढं आदळलं. "परसण्णा," मी म्हटलं, "आमचं झालं वाचून. आता पाहुण्यांचं वाच. निपाणीचे काकडे. आम्हीही ऐकतो, दोन गल्ल्याही ऐकतील. मुलगी द्यायची म्हणजे आम्हाला नको का चौकशी करायला?"

परसूनं माझ्याकडं पाहिलं, तांदळाकडं पाहिलं. "सरी," म्हणाला. आणि झोळीत कोपरापर्यंत हात घातला.

आप्पाजी एक चप्पल घालून तिथंच थबकले.

"गाव कुठलं म्हणालात, मालक?" परसूनं झोळी चाचपत विचारलं. "खास निपाणी, का जवळची वाडी?"

आप्पाजी परत आले आणि जाजमावर बसले. एक चप्पल पायात तशीच. "कशाला, कशाला," ते म्हणाले. "ऊन किती झालंय. म्हातारा माणूस, किती वाचंल? ऱ्हाऊ द्या. आवो, गंगव्वा काय लहान बाई हाय का? असली मूळमाउली कुणाला मिळती? आमास्नी पोरगी पसंत हाय. हणमंतराव, भटजी बोलवा. आन् पानं वाढा, भूक लागली."

हणम्याला काही कळेना. तो म्हणाला, "पण आडनाव?"

"आडनावाचं काय घिऊन बसला?" आप्पाजी खेकसले.

मी उठून परसूचं सूप झोळीत ओतायला मदत केली. त्यानं हात बाहेर काढला तर मुठीत तंबाखूची पुडी. हळूच म्हणाला, "अक्का, निपाणीकडचं माझ्याकडं एक पान नाही. ती घराणी दुसऱ्या हेळव्याची. तंबाखू खाऊन तेच सांगणार होतो, तर मालक खाली बसले." मी म्हटलं, "आता तंबाखू खा आणि तोंड उघडू नकोस." त्यानं तोंड गच्च भरलं.

पानं वाढली जात होती. आप्पाजी हात धुवायला मागल्या अंगणात आले. मी तांब्या घेऊन पाणी घालत होते. हात धुऊन झाले तरी ते हात पुढं धरूनच उभे. पाणी संपलं.

"तुंगाक्का," ते म्हणाले, "त्या हेळव्यानं तुमास्नी आधीच सांगितलं असंल. होसकोट्याला. आमच्या आज्याचं."

गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही, त्या दिवशी जमलं.

"आजा मिठाच्या बैलांसंगं घाटाखालनं आलेलं पोर. नाव बी धड न्हवतं त्याला. काकडे पाटलाच्या गोठ्यात ऱ्हायला, शेण काढलं, गुरं राखली. पाटलाला मूलबाळ न्हवतं. पाटील गेला, आन् लोक ह्यालाच काकड्याचा म्हणाय लागले. आडनाव आमचं न्हवंच वो आक्का. गोठ्याचं हाय. हेळवी गावात आला की बा आमास्नी मळ्यात पाठवायचा, आन् त्याला वही उघडायच्या आधी पोतंभर जोंधळं दिऊन वाटंला लावायचा. माझ्या पोराला ह्यातलं कायबी ठावं न्हाई. मला वाटायचं, दुसऱ्याला आपण आधी इचारलं की आपल्याला कोण इचारत न्हाई."

त्यांच्या हातांचं पाणी धोतरावर टपकत होतं. एवढा आडदांड माणूस, पण आवाज एवढासा झाला होता. माझ्या जिभेवर चार तिखट वाक्यं तयार होती. आख्ख्या चिक्कपेटेत वर्षभर पुरली असती.

"तुमी मगाशी ताणून धरलं न्हाई, सगळ्यांसमोर वाचू दिलं न्हाई, उपकार झाले," ते म्हणाले. "आता तुमीच सांगा. आमचं हे असं हाय. तुमची पोरगी द्याल का आमाला?"

आत कावेरी पानांवर मीठ वाढत होती. विश्वास तिच्याकडं बघत होता. पहिल्यांदाच मान वर करून.

मी खांद्यावरचा पंचा काढून आप्पाजींच्या हातात दिला.

"द्यायची नाही तर काय," मी म्हटलं. "इतकं तोलामोलाचं स्थळ आम्हाला पुन्हा कुठं मिळणार?"